नाका होता ती जागा

"इथंच ना, भावजी?" सोजराबाईंनी पदर सावरत विचारलं.

हिंदुराव गोंधळले. नाशिक रस्ता आता इतका रुंद झाला होता की नाक्याची खोली, आडवा दांडा, गाड्यांची रांग, नेमकं कुठं काय होतं ते त्यांनाही चटकन सांगता येईना. शेवटी अंदाजानं एका विजेच्या खांबाकडे बोट करत ते म्हणाले, "त्याच्या जरा अलीकडं."

सोजराबाई पुढच्या आठवड्यात महापालिकेच्या पिंपरीतल्या दवाखान्यातून निवृत्त होणार होत्या. आयाबाईची ही नोकरी त्यांना नवऱ्याच्या माघारी अनुकंपेवर मिळालेली. नवरा, दत्तोबा, जकात नाक्यावर शिपाई होता आणि हिंदुराव तिथंच कारकून. जकात बंद झाल्यावर हिंदुरावांची बदली त्याच दवाखान्यात, रेकॉर्डच्या खिडकीवर झाली. तेव्हापासून बारा वर्षं दोघांची रोज गाठ पडत होती. जायच्या आधी एकदा ती जागा दाखवा, एवढंच बाई काल म्हणाल्या होत्या.

चाकणकडून एकामागून एक कंटेनर येत होते आणि तसेच शहरात शिरत होते.

"ह्यांना आता कुणी अडवीत न्हाई?"

"नाही. जकात गेली. मग तिच्या जागी एलबीटी आला, तोही गेला. आता जीएसटी. बिलातच कापला जातो. राज्यातल्या मालाचा अर्धा केंद्राला, अर्धा राज्याला."

"आन् आपल्या महापालिकेला?"

"राज्य भरपाई देतं. दर महिन्याला."

"पर आधी तर आपलाच होता की."

"तसा राज्याचाच होता. केंद्रानं कुठले कर घ्यायचे, राज्यानं कुठले, याच्या याद्या आहेत घटनेत. गावात येणाऱ्या मालावरचा कर राज्याच्या यादीत होता. राज्यानं तो महापालिकेला दिलेला. जीएसटी आणताना घटना बदलली आणि ती ओळ यादीतनं काढून टाकली."

हे सगळं ते खिडकीवर कागद समजावून सांगावा तशा सुरात बोलले.

"म्हंजी जिच्यापायी हे गेले, ती ओळच ऱ्हायली न्हाई," सोजराबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. भाजी संपली म्हणावं तसं म्हणाल्या.

सोळा वर्षांपूर्वी इथंच पत्र्यानं भरलेला एक ट्रक पावती न फाडताच निघाला होता. हिंदुराव खोलीतून ओरडले होते, "दत्तोबा, सोडू नको त्याला!" दत्तोबा धावत पुढं गेला आणि दोन्ही हात पसरून गाडीसमोर उभा राहिला. ट्रकवाल्यानं ब्रेक मारलाच नाही.

"वहिनी, त्या दिवशी मीच ओरडलो होतो. सोडू नको म्हणून."

"म्हाईत हाय."

हिंदुरावांनी वळून पाहिलं.

"तेराव्यालाच कळलं हुतं. तुमच्या खिडकीवर कागद घ्यायला यायची, तवा वाटायचं, आज बोलतील. मग वाटायचं, उद्या बोलतील." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पुढं पुढं ते वाटायचंबी बंद झालं."

इतक्या वर्षांचं बोलून टाकल्यावर मोकळं वाटेल, अशी हिंदुरावांची समजूत होती. तसं काहीच वाटलं नाही. आपण माफी मागायला हवी, हेही त्यांना आठवलं. पण ते पुन्हा त्या खांबाकडे बघू लागले.

"जाऊ या," बाई म्हणाल्या. "हितं बगायला तरी काय हाय."

बसथांब्यावर कुणी नव्हतं. सोजराबाई बाकावर टेकल्या आणि थोडं सरकून त्यांनी शेजारी जागा केली. हिंदुराव त्या जागेकडे बघत उभेच राहिले.