वालाच्या शेतातली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. रोह्याच्या एका घरात खिडकीजवळच्या खिळ्याला मी टांगलेली असते. माझ्या पोटातली बुचाची वाटाण्याएवढी गोळी झिजली आहे आणि अंगावर हिरवट डाग पडले आहेत. मी काही पराक्रम केला नाही. पण मला ज्यांनी गळ्यात बाळगले, त्यांची हकिकत तुम्हाला सांगावीशी वाटते.

पितळेच्या एका कारखान्यात मी घडले आणि तिथून लष्कराच्या पेटीत जाऊन पडले. माझे पहिले धनी खांब गावचे हैबतराव. ते भातशेतीवाल्या घरातले. नुकतेच नाईक झाले होते, हाताखाली दहा जवान आले होते. त्या नव्या नवलाईत ते मला सारखे फुंकत. रांग वाकडी झाली की शिट्टी, कोणाला उशीर झाला की शिट्टी. शेवटी महिपती सुभेदारांनी त्यांना बाजूला घेतले आणि सांगितले, की असे रोज वाजवलेस तर खऱ्या गरजेच्या दिवशी कोणी मान वर करणार नाही. त्यानंतर मी बहुतेक खिशातच राहिले.

एकाहत्तरच्या लढाईत या सुभेदारांनी एका कालव्यापाशी चुकीची वाट धरली. दोन जवान जखमी झाले. साहेबांनी चौकशी केली, तेव्हा वाटाड्यावर बोट दाखवणे सोपे होते. सुभेदार ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “वाट मी निवडली होती, साहेब.” त्यांची बढती गेली. मी तेव्हा हैबतरावांच्या छातीवरच्या खिशात होते. ते शब्द त्यांनी आणि मी, दोघांनीही ऐकले.

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर हैबतराव मला घेऊन धाटावच्या एका केमिकल कंपनीत सुरक्षेचे काम बघू लागले. महिन्यातून एकदा ते मला न फुंकताच सगळ्यांना कामावरून उठवून मैदानात चालवत, मोजत. लोक हसत. पोती भरणारी निडी गावची शकू मात्र हसत नसे. पळायचे तर फाटक सोडून भलतीकडे का, असे तिने एकदा विचारले. हैबतरावांनी मूठभर धूळ हवेत सोडली आणि ती कुठे उडते ते तिला दाखवले. वायू धुळीसारखाच वाऱ्याबरोबर जातो, म्हणून वाऱ्याला आडवे चालायचे, हे तिने लक्षात ठेवले.

मग जानेवारीतली ती दुपार आली. एका टाकीचा व्हॉल्व्ह फुटला आणि पिवळट धूर जमिनीलगत पसरू लागला. माणसे खोकत फाटकाकडे धावली. वाराही तिकडेच वाहत होता. हैबतरावांनी मला ओठाला लावले आणि एकच लांब फुंक मारली. माझा आवाज तिथे कधीच ऐकलेला नसल्यामुळे असेल, सगळे जागच्या जागी थांबले. त्यांनी हात केला, तसे मागच्या दारातून लोक शेजारच्या वालाच्या शेतात उतरले.

तिथे त्यांनी माणसे मोजली. त्रेसष्ट हवी होती, बासष्ट भरली. पंपावरचा लतीफ नव्हता. हैबतरावांनी मागच्या दाराजवळच्या केबिनमधून, पेटीतला मास्क काढून आणला आणि मला शकूच्या हातात दिले.

“शकू गो, मी आलो नायतर नाय आलो, वारा फिरला तर इथं थांबायचं नाय. सगळ्यांना नदीकडं ने.”

मित्रांनो, एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्यापासून दूर झाले. शकूने मला मुठीत आवळले. थोड्या वेळाने तिने मूठभर धूळ सोडली. वारा फिरला होता; धूळ कंपनीकडून शेतात उडाली. हैबतराव अजून आत होते. काही जण म्हणाले, हवालदार येईपर्यंत हलायचे नाही. शकूला रडू फुटले, पण तिने मला फुंकले. पहिला सूर फाटला, दुसरा नीट लागला. तिच्यामागून सारे नदीकडे निघाले. पाऊण तासाने लतीफला खांद्यावर घेऊन हैबतराव तिथे पोहोचले, तेव्हा त्यांना स्वतःला श्वास घेता येत नव्हता.

पुढे त्यांचा सत्कार ठरला. पण चौकशीच्या वेळी, मास्क गळका कसा, असा प्रश्न निघाला. हैबतरावांनी सांगितले, की त्या महिन्यात मास्कची पेटी न उघडताच तपासणीच्या कागदावर आपण सही केली होती. शेतातली माणसे आपण नव्हे, शकूने वाचवली, हेही त्यांनी लिहून दिले. सत्कार बारगळला आणि नोकरीही गेली.

शकूला मग मुकादम केले. ती लतीफला घेऊन मला परत करायला खांबला गेली. हैबतराव अंगणात बाजेवर बसले होते. चार शब्द बोलले की त्यांना धाप लागे.

“खरं बोललात नी नोकरी गेली,” शकू म्हणाली. “वाईट नाय वाटत?”

त्यांनी दारात उभ्या असलेल्या लतीफकडे पाहिले.

“नोकरीचं नाय वाटत. तो मास्क मी दुसऱ्या कोणाला घालून आत धाडलं असतं तर, हे मनातून जात नाय.” मग त्यांनी तिची मूठ माझ्यावर मिटवली. “ठेव तुझ्याकडं. तुझ्या हाताखाली बाया हायेत.”

दोन वर्षांनी ते गेले. कंपनीत विजेचा भोंगा आला. शकूही आता थकली आहे आणि मी तिच्या रोह्यातल्या घरात या खिळ्याला आहे. मित्रांनो, कधीतरी चिंच लावून मला घासलेत तर मला बरे वाटेल. नाही घासलेत तरी चालेल. पण उद्या तुमच्या भरवशावर चार माणसे उभी राहतील, तेव्हा सही करण्याआधी पेटी उघडून बघा.