फोटोत काय दिसते

रुचिता रामटेकेच्या वेबसाइटमध्ये एकही चूक नव्हती, आणि त्याच बिनचूक वेबसाइटनं भरल्या सभेची वाचा बसवली.

आधी ही रुचिता कोण ते सांगायला हवं. साकोलीची पोट्टी, नागपूरला कॉम्प्युटर शिकून आली आणि आता घरूनच काम करते. नियमाची इतकी पक्की की चहात साखरसुद्धा चमचा सपाट करून घालते. साकोलीजवळच्या एका गावात मोठा मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना तलाव आहे, आणि त्यावर मासेमारी करणाऱ्यांची संस्था आहे. त्या संस्थेची वेबसाइट हे तिचं स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं पहिलं काम.

वेबसाइटचं लोकांना दिसतं ते नुसतं तोंड. त्यामागे एचटीएमएलचा मजकूर असतो. मथळा कोणता, चित्र कोणतं, हे तो ब्राउजरला सांगतो. पुष्कळांची तऱ्हा अशी की वरून शेरवानी आणि आत फाटकी बनियान. रुचितानं निवडलेलं फ्रेमवर्क, म्हणजे पानं बांधायचा तयार सांगाडा, मात्र भलतंच कडक होतं. एखादा टॅग, म्हणजे त्या मजकुरातली खूण, बंद करायचा राहिला की चुकीची लाल ओळ. फोटोचं वर्णन लिहिलं नाही की लाल ओळ, आणि पान तयारच व्हायचं नाही. हे वर्णन पानावर कुठं दिसत नाही. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याचा मोबाइल ते त्याला वाचून दाखवतो.

फोटोतली माणसं रुचिताच्या ओळखीची नव्हती. म्हणून वर्णनं लिहायचं काम तिनं शकुनला दिलं. शकुन म्हणजे संस्थेचे अध्यक्ष टेकचंद यांची बायको. बारावी झालेली, संस्थेचं सगळं लिहिणंपुसणं तीच करायची.

"हे कोणाले दिसते?" शकुननं तेव्हा विचारलं होतं.

"कोणालेच नाई दिसत, ताई. तुमच्या बाबायसारख्यायले आयकू येते फक्त."

"आन् यायले?"

"अध्यक्षायले? त्यायचे डोळे त चांगले हायेत ना!" रुचिता हसली. "तुमी फक्त फोटोत काय दिसते ते लिवा."

शकुननं लिहून दिलं. रुचितानं पहिली दोन वर्णनं वाचली, ठाकठीक वाटली, बाकीची तशीच चढवली. मग मजकूर तपासणाऱ्या यंत्रात पान टाकलं. हिरवी खूण आली. शून्य चुका! तिनं त्या हिरव्या खुणेचा फोटो काढून स्टेटसला ठेवला आणि दिवसभर कोणी पाहिला ते मोजत बसली.

उद्घाटनाला संस्थेच्या खोलीत सगळे सभासद जमले. चिवडा झाला, चहा झाला. टेकचंदनं भाषण केलं. माणूस बोलायला गोड, कोणाच्याही लग्नाकार्यात पुढं, गावात त्याच्या शब्दाला मान. भिंतीवरच्या पडद्यावर स्वतःचा फोटो एवढा मोठा पाहून तो खूश झाला होता.

शकुनचे वडील मनिरामही आले होते. शेजारच्या गावात राहायचे. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, त्याआधी याच तलावात या गावच्या इश्वर नावाच्या दोस्ताच्या जोडीनं जाळं टाकायचे. आजही त्याच इश्वरच्या खांद्यावर हात ठेवून आले. जावयाचं कौतुक त्यांच्या तोंडून सरत नसे. सासरा लेकीला भेटायला आला की टेकचंद कामधाम सोडून शेजारी बसून राहायचा. सासऱ्याचा फोन आला तर तोही शकुनला खेटून बसून ऐकायचा. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं लोक म्हणायचे.

"काका, तुमच्या मोबाइलवर लावून पाहा," रुचिता म्हणाली. मनातून तिला मिरवायचंच होतं. "दुसऱ्यायच्या साइटी तुमच्यासंग बोलत नाईत. हे बोलते."

तिनं पान उघडून दिलं आणि मोबाइल माइकजवळ धरायला सांगितलं. मनिरामनं बोट फिरवलं. मोबाइलमधली बाई सपाट आवाजात बोलू लागली.

"चित्र. तलावाच्या पाळीवर जाळी दुरुस्त करणाऱ्या बाया. मागे शिंगाड्याचे वेल."

"वा रे वा!" इश्वर म्हणाला. टाळ्या पडल्या.

"चित्र. डोंग्यात ठेवलेली टोपली. टोपलीत रोहू आणि कतला."

मनिराम लहान पोरासारखे हसले. बोट पुढं सरकलं.

"चित्र. अध्यक्ष टेकचंद बक्षीस घेताना. बाजूला त्यांची बायको शकुन. तिचा डावा डोळा सुजून काळानिळा झालेला आहे. आदल्या रात्री यांनी मारलं. बाबा, हे मी लिहिते आहे."

कोणाला काही कळेचना. रुचितानं पडद्याकडे पाहिलं. फोटो तिथंच होता. शकुन होती, तिचा डोळा होता. हाच फोटो आपण मोठा केला, कडेनं कापला, अंधारा वाटला म्हणून उजळ केला, आणि आपल्याला हे दिसलं नाही? की दिसलं आणि सावली म्हणून सोडून दिलं?

मनिरामला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. त्यांनी बोट मागं नेलं, पुन्हा पुढं आणलं. त्या बाईनं त्याच आवाजात, एक शब्द इकडचा तिकडं न करता, सगळं परत सांगितलं.

"बंद करा ते!" टेकचंद ओरडला.

पण मनिरामचं बोट पुढं गेलंच होतं.

"चित्र. जत्रेचा दिवस. शकुनचा हात पदराखाली आहे. मनगट मोडलं आहे. पाळीवरून घसरली असं बाबांना सांगितलं आहे."

ते ऐकून मनिरामच्या हातून मोबाइल निसटला. लेक तलावाच्या बांधावरून, त्या पाळीवरून घसरली म्हणून त्यांनी जावयाच्या हातापाया पडून त्या जागी दगडी पायरी बांधून घेतली होती. टेकचंदनं ती बांधलीही, आणि आल्यागेल्याला दाखवलीही.

"ओ मॅडम," टेकचंद रुचिताकडे वळला, "हे खोडा. आत्ताच्या आत्ता. खोटं हाये सारं. बायकोचं डोस्कं फिरलं हाये माह्या."

लॅपटॉप रुचिताच्या पुढ्यातच होता. वर्णन खोडून तिथं 'सभेचा फोटो' एवढंच लिहिलं असतं तरी भागलं असतं. यंत्रानं पुन्हा हिरवीच खूण दिली असती. त्याला वर्णन हवं होतं. ते खरं की खोटं, आत कोणी रडतं आहे की काय, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. ज्या खुणेसाठी आपण दिवसभर नाचलो ती एवढ्याच लायकीची होती, हे कळून तिला स्वतःचीच लाज वाटली.

"नाई खोडत," ती म्हणाली.

"मी पैसे मोजले हायेत!"

"घ्या वापस. पण हे नाई खोडत."

टेकचंदनं सभेकडे पाहिलं. "सांगा ना बे कोणी! असं कदी झालं काय?"

तेवढ्यात मागच्या रांगेत बसलेली गोदावरीबाई उठली. ती टेकचंदची शेजारीण, दोघांच्या घरांमधे एकच भिंत.

"खोटं कायले म्हणतेस, टेकचंद?" ती म्हणाली. "आमाले सगळ्यायले दिसत होतं ना."

मनिरामनं मान वर केली.

"सगळ्यायले?"

मनिरामचा हात परत इश्वरच्या खांद्यावर गेला.

"इश्वर, तुले बी?"

इश्वर म्हणाला, "हो गा."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तुले दुख होईन म्हून..."

मनिरामनं त्याच्या खांद्यावरून हात काढून घेतला. आधाराशिवाय ते उभे राहिले, किंचित झुकले, सावरले.

"शकुन, कुठं हायेस व?"

"इथंच हाये, बाबा." ती दारापाशी, बायांच्या मागं उभी होती. कोणी न सांगता बाया बाजूला झाल्या.

"तोंडानं काहून नाई बोलली तू?"

"कवा बोलू? हे उठतच नव्हते आपल्या दोघायच्या मधातून."

टेकचंद पुढं सरकला, पण गोदावरीबाई वाटेतच उभी राहिली, आणि तिच्या शेजारी आणखी दोघी. शकुन चालत बापाजवळ आली. त्यांनी हवेत हात केला. तो आधी तिच्या केसांना लागला, मग कपाळाला, आणि तिथं थांबला. पुढं न्यायची हिंमत होईना.

"कोणता डोळा व?" त्यांनी विचारलं.

शकुननं त्यांची बोटं धरली आणि हळूच आपल्या डाव्या डोळ्यावर ठेवली.