भट्टीवरचं काम

हिवाळ्यासाठी कापलेल्या घोड्यातला आमचा वाटा मार्चपर्यंत संपला होता. उरली होती एकच कझी, म्हणजे बरगडीचं मांस भरून वाळवलेलं आतडं. ती मागच्या पडवीत खिळ्याला टांगलेली होती आणि तिला कुणी हात लावायचा नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. रविवारी माझ्या होणाऱ्या सासरची माणसं लग्नाची तारीख ठरवायला येणार होती. व्याह्यांच्या ताटात कझी नसली तर ते काय समजतात, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

काचेचा कारखाना बंद पडल्यापासून घर बाबांच्या बेकारभत्त्यावर चालत होतं. भत्ता आला की पीठ, तेल, कोळसा. मग नुसते बटाटे. मी रसायनशास्त्र शिकून घरी बसलेली. त्या शिक्षणाचा उपयोग इतकाच, की तीच चहापत्ती पुन्हा पुन्हा उकळली तर पाण्यात रंग उतरतो, चव उतरत नाही, हे मी खात्रीने सांगू शकत होते.

गुरुवारी शेजारची कुल्याशमावशी फाटकापासूनच बाबांना नावाने हाका मारत आली, "सुयिंशी! सागिंदिक, सुयिंशी!"

मावशी रोजगार केंद्रात झाडलोट करते. सुयिंशी म्हणत कुणी आलं की आधी त्याच्या हातावर भेट ठेवायची, मग आनंदाची बातमी ऐकायची. आधी बातमी विचारणारा कद्रू ठरतो.

"ताई, आधी बस तरी," बाबा म्हणाले.

"बसायला नाही आले. काय देतोस ते बोल! भेट छोटी तर बातमीही छोटी करून सांगेन."

बाबांनी खोलीभर नजर फिरवली. देण्याजोगं काही नव्हतंच. ते पडवीत गेले आणि कझी घेऊन आले. आईचे हात कणकेत होते. "अहो!" एवढंच ती म्हणाली.

"कारखान्यात माणसं घेतायत!" मावशीने कझी शालीखाली घेतली. "भट्टीवर! तुझं नाव या कानांनी ऐकलं मी."

बाबा मोठ्याने हसले. ते हसणं मी विसरूनच गेले होते.

मावशी गेल्यावर आई म्हणाली, "आता रविवारी काय तुमचं नाव शिजवून वाढू?"

"पगार सुरू झाला की अख्खा घोडा आणतो."

"घोड्याचं राहू द्या. रविवारी व्याही येतायत."

दुसऱ्या दिवशी बाबा केंद्रातून परत आले ते टोपी न काढताच बसले. कारखाना कुणीतरी जागेसाठी घेतला होता. भट्टी कापून लोखंड भंगारात जाणार होतं. त्या भट्टीची नस न् नस माहीत असलेला माणूस त्यांना हवा होता.

"नाही म्हणा की," मी म्हणाले.

"म्हटलं तर भत्ता आजच बंद."

"आणि काम संपल्यावर?"

"पुन्हा अर्ज करायचा. मिळेलच असं नाही म्हणे."

संध्याकाळी मावशी दारात उभी राहिली. कझी तिच्या हातात होती. "सागिंदिक, मला काय ठाऊक रे! घे ही परत."

आईने हात पुढे केला.

"राझिया!" बाबा आतून म्हणाले. "दिलेली सुयिंशी परत घेतात का?"

आईचा हात मागे गेला. मावशी रडत रडत कझी घेऊन गेली.

रविवारी अंडी देणारी कोंबडी कापली. विहीणबाईंनी ताटातले तुकडे बोटाने उलटून पाहिले, खाली आणखी काही दडलंय की काय म्हणून.

"कोंबडी बरी, पचायला हलकी," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "तारखेची एवढी काय घाई? पुढच्या वर्षी बघू."

मी चहा ओतत होते. आईने मान वर केली नाही.

"बाकी, व्याही," सासरे विचारायचं म्हणून म्हणाले, "सध्या काय करता?"

बाबांच्या बोटांवर आदल्या दिवशीच्या ठिणग्यांचे डाग होते. त्यांनी हात मांडीवर घेतले.

"कारखान्यात जातो. भट्टीवर."

"म्हणजे? सुरू झाला?" सासरे सरळ बसले.

"कालपासून जातोय."

"बघा, आणि सांगतसुद्धा नाहीत!" विहीणबाई हसल्या. "मग जूनमध्येच उरकून टाकू की."

"माझ्या पुतण्यालाही चिकटवा तिकडे," सासरे म्हणाले. "टिकेल ना पण काम?"

आई बाबांकडे बघत होती. मीही.

"भट्टी मोठी आहे," बाबा म्हणाले.