शहाण्णव सालची बाटली

सकाळी नऊला नागसेनला त्याच्या हाताखालच्या स्वातीचा फोन आला.

"दादा, पोराला रात्रीपासून ताप आहे. आज मला यायचं जमत नाही. तुम्ही घ्या ना सांभाळून."

सांभाळून घ्यायला तो काय भांड्यांचा हिशेब होता? बंजारा हिल्सच्या त्या मोठ्या हॉटेलात नागसेन आठ वर्षं वाइनचा मुख्य होता, आणि आठ वर्षांत वाइनचा एक थेंबही त्याच्या जिभेला लागला नव्हता. अख्ख्या हॉटेलात हे ठाऊक होतं ते एकट्या स्वातीला.

साधा वेटर म्हणून लागला होता तो. पुस्तकं वाचून, बुचांचे वास घेऊन घेऊन शिकला. बढतीच्या मुलाखतीत "चाखता ना?" असं विचारलं, तेव्हा "हो" म्हणून मोकळा झाला. इकडे गौलीगुड्याच्या घरात वडिलांना, भिवाजींना, त्यानं शब्द दिला होता की हॉटेलात राहीन, पण थेंब घेणार नाही. भिवाजींचा थोरला भाऊ दारूपायी गेला होता. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या, नशा न करण्याच्या शीलापाशी म्हाताऱ्याचा आवाज अजून चढायचा. ते पाचवं राखण्यासाठी पोरानं चौथं, खोटं न बोलण्याचं, रोज मोडलं. बूच तो काढी, वास तो घेई, आत पँट्रीत घोट स्वाती घेई. तिनं सांगितलेली चव तो बाहेर जाऊन स्वतःची म्हणून रंगवून सांगे. लोक खूश होत आणि त्याला घरी गेल्यावर जेवण गोड लागत नसे.

आजचं गिऱ्हाईक साधं नव्हतं. सुलतान बाजारातल्या जुन्या मराठी घराण्यातले वकील अप्पाराव दुपारी जेवायला येणार होते. सकाळी त्यांच्या लेकीचं, ईशाचं, नोंदणी लग्न होतं. ईशाचा जन्म शहाण्णवचा, म्हणून त्यांनी शहाण्णव सालची शॅम्पेन सांगून ठेवली होती. हॉटेलात तिची एकच बाटली उरली होती.

ती शॅम्पेन दरसाल निघत नाही. द्राक्ष मनासारखं पिकलं तरच ते फ्रेंच घराणं बाटलीवर साल छापतं, नाहीतर वर्ष सोडून देतं. मग खडूच्या खडकात खोल कोरलेल्या तळघरांत बाटल्या वर्षानुवर्षं निजून राहतात. पहिल्या महायुद्धात वर तोफा धडधडत असताना गावातली माणसं त्याच तळघरांत येऊन राहिली होती, आणि तरी सुगीत द्राक्षं तोडायला वर गेली होती. नागसेनला हे सगळं तोंडपाठ होतं. त्या माणसांविषयी त्याला खरोखर माया होती.

दीड वाजता पँट्रीत त्यानं फडक्यात धरून बूच हळूच सोडवलं. सुस्कारा सोडावा एवढाच आवाज झाला. ग्लासात दोन बोटं ओतून त्यानं नाक खाली नेलं. आधी मध आला, भाजलेला पाव आला, आणि त्याखालून ओल्या गोणपाटाचा वास. अगदी पुसट.

बूच कुजकं निघालं की असा वास येतो, आणि वाइन जरा तापली की वाढतच जातो. खात्री जिभेनंच व्हायची. नाकाचं चुकलं असेल तर जन्मसालाची एकुलती बाटली मोरीत जाणार होती. एक घोट घ्यावा का? बाबांना कोण सांगायला जातंय?

"नागसेन, आत काय करतोस की?" अप्पाराव टेबलावरून म्हणाले. "इकडे आण. आधी तू चाख, आमच्यासमोर. तुझी जीभ म्हणजे खात्रीची."

नागसेन बाटली आणि ग्लास घेऊन बाहेर आला. मॅनेजर पुष्कर टेबलाशेजारीच हसत उभा होता. बारा जण बघत होते. नागसेननं ग्लास उचलला. ओठांपर्यंत नेला. बाबांचा चढलेला आवाज त्याला आठवला आणि हात पुढे सरकेना. त्यानं ग्लास खाली ठेवला.

"साहेब, मी पीत नाही. कधीच प्यालो नाही. आजवर चव दुसरं माणूस घेत होतं. पण वासावरून सांगतो, ही बाटली बिघडलीय. देऊ नये."

पुष्करचं हसू जागच्या जागी विरलं.

"म्हणजे ईशाच्या साखरपुड्याला मला बदामाची चव सांगितलीस, ती?"

"माझी नव्हती, साहेब."

अप्पारावांचा चेहरा पडला. रागापेक्षा दुःखच जास्त दिसत होतं. "आठ वर्षं खोटं बोललास, आणि आज खरं बोलतोस हे मी कशावरून मानू? ओत."

नागसेननं ओतली. बारा ग्लास, एकेक करत, आपल्या हातानं. अप्पारावांनी डोळे मिटून घोट घेतला आणि "वा" म्हणाले. मग सगळेच वा म्हणाले. अठ्ठावीस वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे, कुणीतरी बोललं. पुष्करनं नागसेनच्या कानाशी येऊन सांगितलं, "हे झालं की कपाटाच्या चाव्या माझ्याकडे द्या. उद्यापासून येऊ नका."

नागसेन भिंतीशी उभा राहिला. आपलंच नाक चुकलं असेल, असं त्याला वाटायला लागलं, आणि मग नोकरीपेक्षा तेच जास्त लागलं.

ईशानं एक घोट घेतला होता. थोड्या वेळानं तिनं ग्लास पुन्हा नाकाशी नेला, आणि तो वडिलांना दिसणार नाही असा फुलदाणीमागे सरकवला. मग मान वळवून तिनं नागसेनला खुणेनं बोलावलं.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "बाबा आनंदात आहेत, त्यांना काही बोलू नका. मला फक्त साधं पाणी द्याल?"

नागसेननं पाणी ओतलं. त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून ग्लास काठोकाठ भरला आणि थोडं टेबलावर सांडलं.