वरचं दीडशे, खालचं नव्वद

आमच्या सरकारी दवाखान्यात नव्या आलेल्या डॉक्टरीणबाईंनी एक शहाणपणाचं काम केलं. ज्यांचं प्रेशर ताब्यात आहे, त्यांना दर महिन्याला रांगेत उभं न करता एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. रांग ओसरली, तापाची पोरं वेळेत तपासून होऊ लागली, सिस्टरना दुपारचा डबा दुपारी खाता येऊ लागला. सगळीकडे आनंदीआनंद. फक्त आमच्या सासूबाईंचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"गोळ्या घरी, मी घरी. आता करू काय?" असं म्हणायच्या आणि दिवसभर माझ्या स्वयंपाकावर देखरेख करायच्या. माझं प्रेशर मोजायची वेळ आली.

एकदा भांडी घासता घासता मी खोदून विचारलं, तेव्हा खरं दुखणं कळलं. दवाखान्याच्या बाकावर त्यांची एक मैत्रीण होती. वर्षानुवर्षं दोघी एकाच दिवशी यायच्या, नंबर लागेपर्यंत बोलायच्या आणि नंबर लागला की मागच्यांना पुढे सोडून आणखी बोलायच्या. आता दोघींच्या तारखा वेगळ्या पडल्या होत्या.

"असेल ना गं ती?" त्यांनी विचारलं आणि पदराने डोळे पुसले. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्यांना घेऊन दवाखाना गाठला.

"नाव काय त्यांचं?" सिस्टरनी विचारलं.

"नाव कशाला लागतंय? वरचं दीडशे, खालचं नव्वद. डावा गुडघा दुखतो. जावई तिरसट आहे."

"राहतात कुठे?"

"ते कधी बोलण्यात निघालंच नाही."

मी कपाळाला हात लावला. सिस्टर मात्र हसायलाच लागल्या.

"म्हणजे तुम्हीच त्या! अहो, एक आजी दर आठवड्याला येऊन विचारतात, 'ती सुनेला नावं ठेवणारी आली होती का?' मी म्हटलं, आजी, एवढ्यावरून शोधायचं तर निम्मं गाव इथे आणून बसवावं लागेल! आज त्यांचा यायचा वार आहे. बसा, बाक हल्ली रिकामाच असतो."

सासूबाईंनी भिंतीकडे बघितलं. मी सासूबाईंकडे.

थोड्या वेळाने एक आजी गुडघा धरत दारात आल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं मेले, होतीस कुठे? मी तर तुला मनातल्या मनात पोचवून पण आले!"

दोघी हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. सिस्टरनी पुढच्या गोळ्यांसाठी दोघींना एकच तारीख दिली. मी आधी आजींचा पत्ता विचारून घेतला.

"ही कोण गं?" आजींनी माझ्याकडे बघून विचारलं.

"सून माझी. रजा टाकून आलीये माझ्यासाठी," सासूबाई ताठ बसून म्हणाल्या.

"हीच ती? मग इतकी वर्षं मला काय सांगत होतीस?"

सासूबाई जराही गांगरल्या नाहीत.

"अगं, चांगलं दोन वाक्यांत संपतं. नंबर लागेपर्यंत करायचं काय?"