पांढऱ्या चिठ्ठीवरचं कुंकू

मी खोका बोलतोय, मोबाईलचा रिकामा खोका. मोबाईलचं कौतुक सगळे करतात, खोक्याला कोण विचारतं? घरी पोचलो की तो हातात आणि आम्ही माळ्यावर. पुढं आमच्यात कुणी बटणं ठेवतं, कुणी सुया. मला मात्र तामलवाडीच्या गजराबाईनं देवाशेजारी बसवलं होतं. तो मानच माझ्या अंगाशी आला.

गजराबाईचा मुलगा धनाजी सोलापूरला एका दुकानात नोकरीला. बाप बिरदेव दिवसभर मेंढरांमागं माळावर, म्हणून त्यानं बापासाठी मोबाईल घेतला. दुकानदारानं बिल माझ्या पोटात घडी करून ठेवलं. माझं अंग काळं, एका बाजूला तेवढी बोटभर पांढरी चिठ्ठी, तिच्यावर पंधरा आकडे. "चोरी झाली तर ह्या नंबरावरनं सापडतो," असं दुकानदारानं बजावलं होतं. तेव्हा मला भलताच भाव चढला. मोबाईल कितीही मिरवू दे, त्याची ओळख माझ्यापाशी!

मोबाईलला बोटाचं कुलूप होतं. पण मेंढरांची लोकर कातरून कातरून बिरदेवच्या बोटांवर रेषाच राहिल्या नव्हत्या. त्यानं दहा वेळा बोट टेकवलं, मोबाईल ओळख देईना. शेवटी धनाजीनं वैतागून कुलूपच काढून टाकलं. मग गजराबाईनं जाड कापडाची पिशवी शिवली, तिला दोरी लावली आणि ती नवऱ्याच्या गळ्यात अडकवली.

"आता मान कापल्याबिगर कुणी न्हेत न्हाय," ती म्हणाली.

धनाजीची मुलगी प्रतीक्षा कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "आज्जे, त्यो नंबर वहीत लिहून ठिवू का?"

"कशाला? खोक्यावर हाय की. खोका काय पळून चाललाय व्हय?"

खरंच, मी कुठं पळणार होतो?

खंडेनवमीला गजराबाईनं घरातली हत्यारं मांडली. कोयता, कुऱ्हाड, लोकर कातरायची कात्री. मोबाईल तेवढा नवऱ्याबरोबर माळावर. तिला चुकल्यासारखं वाटलं. तिनं मला उचललं, रांगेत मांडलं आणि ओल्या बोटानं कुंकू लावलं. काळ्या अंगावर ते उठून दिसेना. मग तिनं मला फिरवलं आणि पांढऱ्या चिठ्ठीवर चांगलं ठसठशीत लावलं, वर हळद. दिवाळीच्या झाडलोटीत ओल्या फडक्यानं पुसलं. पुढच्या वर्षीही तेच. मला कुणी पूजलं होतं का कधी? मी आपला फुशारून बसलो होतो.

आता बिरदेवबद्दल सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल एका मोबाईलसाठी एवढं काय रडायचं.

बिरदेव ओव्या म्हणायचा. आधी सुंबरान मांडायचा, म्हणजे देवाचं नाव घ्यायचा, आणि मग त्याच्या घराण्याची सगळी वाट ओवीतून उलगडायची. आजा कोणत्या गावाहून निघाला, कोणत्या ओढ्याला पाणी लागलं, कोणत्या कुत्र्यानं लांडग्याला अडवलं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. बापाकडून त्याला आलं, धनाजीला आलं नाही. सुट्टीत प्रतीक्षा त्याच्याबरोबर माळावर जायची, मेंढरं सावलीला बसली की त्याच्याच मोबाईलवर ओव्या भरून घ्यायची. आपल्या मोबाईलवर पाठवीन म्हणायची. माळावर रेंज नसायची आणि घरी आल्यावर राहून जायचं.

गेल्या माघात बिरदेवच्या अंगावरून वारं गेलं. हात थोडा सुधारला, वाचा गेली ती गेलीच. डॉक्टरांनी सांगितलं, त्याला पाठ असलेलं रोज ऐकवा, त्याच्याबरोबर म्हणायचा प्रयत्न करू द्या. मग रोज दुपारी गजराबाई मोबाईल त्याच्या कानाशी धरायची. स्वतःचाच आवाज ऐकता ऐकता त्याचे ओठ हलायला लागले. एका दुपारी मोबाईल त्याच्या उशाशी लावून ती धान्य पाखडत होती, तेवढ्यात त्याच्या तोंडातून निघालं, "सुंब..." गजराबाई हातातलं सूप टाकून धावली. महिन्याभरात तो पहिली ओळ अडखळत का होईना म्हणू लागला. बोलताना नाही, गातानाच तेवढे शब्द यायचे.

त्या आनंदात चैत्रात त्याला सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला नेलं. मोबाईल गळ्यातच होता. परतताना एसटीत चढायची रेटारेटी झाली. पुढचं मी गजराबाईच्या तोंडून ऐकलं. शेजारणीला सांगताना ती कपाळावर हात मारून घेत होती.

"गाडीत बसल्यावर गळ्याकडं सारखा हात करत हुते. मला वाटलं, घसा सुकला. म्या पानी पाजलं. गाव मागं पडल्यावर बघितलं, तर गळ्यात नुसती कापलेली दोरी. त्येंला कळलं हुतं गं कापताना! वरडायचं कशानं?"

दुसऱ्या दिवशी धनाजी मला घेऊन पोलीस ठाण्यात गेला. हवालदार भला माणूस होता.

"खोका आनला? ब्येस केलं. लोक टाकूनच देत्यात."

आता माझी वेळ आली, असं मला वाटलं. त्यानं मला फिरवलं.

"ह्ये काय झालंय?"

"आयनं पूजा केली, साहेब. खंडेनवमीला."

तो हसला नाही. मला उन्हात धरलं, डोळे बारीक केले. नऊ आकडे लागले, सहा कुंकवात आणि फडक्यात गेलेले. त्यानं पोटातलं बिल काढलं. पत्र्याच्या घरातल्या उन्हाळ्यांनी त्यावरची शाई उडून गेली होती. हातात आला कोरा कागद. मला तेव्हा फाटून जावंसं वाटलं. एकच काम दिलं होतं मला, आणि तेही मला जमलं नाही.

"सिमच्या कंपनीकडनं मागवू नंबर," हवालदार म्हणाला. "वेळ लागंल, पर मिळंल."

मिळाला. भाद्रपदात मोबाईल सापडला. दुसऱ्या जिल्ह्यात कुणीतरी तो विकत घेऊन वापरत होतं. ठाण्यात सापडलेले मोबाईल वाटायचा छोटा कार्यक्रम झाला, फोटो निघाला. फोटोत धनाजी हसतोय.

घरी बिरदेव खाटेवर वाट बघत बसला होता. इतक्या महिन्यांत त्याची ती एक ओळही गेली होती. गजराबाईनं मोबाईल त्याच्या कानाशी धरला. ओवी धरायला त्यानं ओठ जुळवून ठेवले. काहीच वाजेना, तेव्हा प्रतीक्षानं मोबाईल हातात घेतला आणि त्यात ओव्या शोधू लागली. सगळं शोधून तिनं मान खाली घातली.

"आज्जे, सगळं पुसून इकलाय गं त्येनी."

तिनं दुसऱ्या कुणाच्या ओव्या लावून बघितल्या. बिरदेवनं दोन क्षण ऐकलं आणि चांगल्या हातानं मोबाईल बाजूला सारला. धनाजीनं तो माझ्यात ठेवला. आता तो माझ्यातच असतो.

तुम्हाला काय सांगू? नंबर वहीत लिहा, बिलाची नक्कल काढून ठेवा. त्यानं मोबाईल लवकर मिळेल. त्याच्या पोटातलं मात्र आजच दुसरीकडं उतरवून ठेवा. पण हे सांगून माझ्या घरात आता काही बदलायचं नाही.

आताही दुपार आहे. गजराबाई खाटेपाशी बसली आहे. चाळीस वर्षं कानावर पडलेली ओवी ती आपल्या बेसूर आवाजात धरते. सुंबरान मांडते, आज्याच्या गावापर्यंत येते, ओढ्याच्या अलीकडं अडते.

"फुडं काय हाय वो?" ती विचारते.

बिरदेव तिच्याकडं बघत राहतो.