बळवंतरावांची सही

कुमुदताई भाजी घेऊन आल्या आणि फाटकातच थबकल्या. तीन वर्षं वाढवलेली त्यांची जुई जमिनीवर ढीग होऊन पडली होती. वीतभर खोड तेवढं उरलं होतं, आणि दोन रंगारी निवांत भिंत घासत होते.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाझियाबादच्या उन्हात जुई जगवणं काय खायचं काम आहे? जूनमध्ये जुन्या साडीची सावली, जानेवारीत गोणपाट, रोज उठून आळ्यात पाणी. दोन वर्षं नुसती पानंच. यंदा कुठे कळ्या धरल्या होत्या, आणि चार दिवसांवर आलेल्या गौरींना घरच्या जुईचा गजरा घालायचा होता.

पिशवीसकट त्या सोसायटीच्या ऑफिसात धडकल्या.

"किसने काटी मेरी बेल?"

सेक्रेटरी त्यागींनी शांतपणे फाइल उघडली. "मैडम, नोटिस घर-घर घुमाया था. रंगाई के लिए बेलें कटेंगी, आपत्ति हो तो लिखकर दें. आपके साहब ने तो साइन किया है."

कागदावर हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'देखा. कोई आपत्ति नहीं.' खाली बळवंतरावांची लफ्फेदार सही.

बळवंतराव दिल्लीतल्या मंत्रालयातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण कागद समोर आला की हात अजून पेनाकडेच जायचा. वाचायचं काम खालच्यांचं, असंच छत्तीस वर्षं चाललेलं.

"अगं, रूटीन कागद वाटला," कुमुदताईंनी घरी येऊन जाब विचारल्यावर ते म्हणाले. "फुटेल की परत! तू बिल्कुल टेन्शन घेऊ नकोस."

पिशवीतला दुधी यांच्या डोक्यात घालावा, असं कुमुदताईंना खरोखर वाटलं. रडू येत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेपर वाचणाऱ्या नवऱ्यापुढे एक कागद सरकवला. बळवंतरावांनी मान वर न करता पेन काढलं, सवयीची ओळ खरडली, सही ठोकली आणि म्हणाले, "चहा दे गं."

कुमुदताईंनी कागद मोठ्याने वाचला. "जुईला पुन्हा कळ्या येईपर्यंत या घरात चहा होणार नाही. वेलाला पाणी बळवंतराव घालतील. हरकत असल्यास लेखी द्यावी." मग खालची हिरवी ओळ, "पाहिले. हरकत नाही."

त्यांनी तो फ्रिजवर चिकटवला.

"तीन वर्षं लागतात कळ्या यायला. बादली बाथरूममध्ये आहे. उठा!"